अब्बास मास्टरांच्या सहाजणी

अब्बास मास्टरांना खुर्चीचं वावडं होतं. मस्कतजवळच्या रुसेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते आणि मी ऑफिसात कामगारांच्या फायली आणि हजेरी सांभाळणारी बाई. नऊ वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. तेवढ्या काळात ते खुर्चीत बसलेले मी एकदाच पाहिले, तेही एका सरकारी कचेरीत, समोरच्या अधिकाऱ्यानं दोनदा सांगितलं म्हणून. एरवी सकाळी सातला ते कापायच्या टेबलापाशी उभे राहत, ते सुटीचा भोंगा होईपर्यंत. जेवणसुद्धा उभ्यानं. मी एकदा म्हटलं, "मास्टर, टेका की जरा." तर म्हणाले, "बसला की माणूस दहा बाजूंनी विचार करतो, बाई. मना तेवढा वेळ नाय."

दाभोळच्या खाडीकाठच्या गावातून ते आधी मुंबईला आणि मग मस्कतला आलेले. उंच, सडसडीत, दाढीला मेंदी, कापड कापायचा धारदार सुरा चालवताना हातात पोलादी जाळीचा मोजा आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घरची बोली कोकणी मुसलमानांची, कारखान्यात हिंदी, ओमानी बायकांशी मोडकी अरबी, आणि खवळले की तिन्हींची खिचडी. त्यांच्या हाताखाली माणूस टिकला की तो कुठेही टिकतो, असं आमच्याकडे म्हणत. मला ते 'बाई' म्हणत आणि माझ्याशी जरा सबुरीनं वागत, कारण मी डोंबिवलीची असूनही मासे बिनचूक ओळखते हे त्यांना कळलं होतं.

कापडाशी मात्र ते कधी मोठ्यानं बोलले नाहीत. बनियनचं कापड गठ्ठ्यात घट्ट गुंडाळून बोटीतून येतं, ताणलेलं असतं. ते उलगडून दिवसभर तसंच पडू द्यावं लागतं, म्हणजे ते आपल्या मूळ मापावर येतं. मास्टर त्याला 'झोपवणं' म्हणत. एकदा बोट सुटायला दोनच दिवस उरले होते. आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं जीएम म्हणायचे, स्वतः टेबलापाशी आले आणि आत्ताच्या आत्ता कापायला घ्या म्हणाले.

"आज नाय साहेब. दर्यातून आलंय ता. थकलंय."

"मास्टर, कापड थकतं का?"

"तुमी तीन रोज नाय झोपलांत तर तुमचा सदरा अंगाला बसेल काय?"

जीएमच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दुसऱ्या माणसाकडून माल कापून घेतला. दोन महिन्यांनी तो सगळा माल परत आला. पहिल्याच धुण्यात टी-शर्ट आखडले होते. आम्हाला वाटलं, आता मास्टर कारखाना डोक्यावर घेणार. त्यांनी नुसती आपली वही काढली, त्या कापडाची एक चिंधी चिकटवली आणि तिच्याखाली लिहिलं, 'जागं कापलं.'

ही वही म्हणजे त्यांचं दुसरं वेड. एकावर एक थर अंथरून कापलेल्या प्रत्येक थप्पीची बोटभर चिंधी ते तिच्यात चिकटवत आणि शेजारी थप्पीचा नंबर लिहीत. थप्पीचे तुकडे शिवायला जातात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याला एक तिकीट असतं आणि शिवणारी आपला नंबर त्यावर टाकते. ती तिकिटं काम झाल्यावर सगळ्या कारखान्यांत फेकून देतात. मास्टर ती गोळा करून चिंधीशेजारी डकवत. मी हसले की म्हणत, "माणूस फिरतो, बाई. चिंधी फिरत नाय." अशा मोजून अकरा जाडजूड वह्या त्यांच्या कपाटात होत्या आणि त्यांना खळीचा वास यायचा.

आमच्याकडे शिवायला निम्म्या ओमानी बाया होत्या, बहुतेक बरक्याच्या बाजूच्या, कंपनीच्या बसनं येणाऱ्या. मास्टरांना त्या 'उस्ताद' म्हणत. त्यांतली मोझा नावाची एक तिशीची बाई. नवरा मासेमारीला गेला तो परतला नव्हता, घरी तीन मुलं आणि आंधळी सासू. एका सकाळी मशीनवर डुलकी लागून सुई तिच्या बोटातून आरपार गेली. मास्टर धावत आले, सुई काढली, पट्टी बांधली, आणि मग सबंध हॉलला असे झापायला लागले की जणू सगळ्यांनी मिळून तिला सुई टोचली होती. रात्रभर सासूजवळ जागावं लागतं हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या काळात शाळांच्या गणवेशाचं थोडं काम कारखान्यात येऊ लागलं होतं. त्यासाठी मागच्या अंगाला एक छोटी खोली होती. एसी चांगला आणि काम दुपारी दोनला संपायचं. मास्टरांनी जीएमशी भांडून ज्यांच्या घरी अशीच अडचण होती अशा सहाजणी निवडल्या आणि त्या खोलीत बसवल्या. मोझा त्यांतली पहिली. मग माझ्या टेबलापाशी येऊन हजेरीच्या रजिस्टरात त्यांनी स्वतःच्या हातानं सहा नावांपुढे लिहिलं, 'लोकल'. म्हणजे देशातल्या विक्रीचं काम करणाऱ्या.

"हे बदलायला सांगू नका कोणाला," मला म्हणाले. "एकदा लिहिलं ता लिहिलं."

मी कशाला बदलतेय? मला तेव्हा त्यांचं भारी कौतुक वाटलं होतं.

पण खरं काम तेवढंच नव्हतं. एक्स्पोर्टची घाई उडाली की मास्टर कॉलरचे गठ्ठे गुपचूप त्या खोलीत पाठवत, कारण त्या सहाजणींइतकी साफ कॉलर कोणाची नव्हती. परदेशी गिऱ्हाइकाची अट होती की त्याचा माल फक्त त्याच्या माणसानं तपासलेल्या हॉलमध्येच शिवायचा. जीएमना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी डोळ्यावर कातडं ओढलं होतं. माल वेळेवर जात होता ना, मग झालं.

मग कोटा उठला. अमेरिका तोवर प्रत्येक देशाकडून ठरवून दिलेल्या संख्येएवढेच कपडे घेत असे. ज्या देशांचा वाटा पुरत नसे तिथले कारखानदार वाटा शिल्लक असलेल्या देशात येऊन शिवत. आमचा कारखाना रुसेलला होता तो एवढ्याचसाठी. २००५ साल उजाडलं, वाटे संपले, आणि आमच्या मालकाला इथे शिवण्याचं कारण उरलं नाही. हॉलमधल्या मशीन एकामागून एक झाकल्या गेल्या. कारखाना बंद होणार हे जाहीर झालं तेव्हा जीएम दुसऱ्या देशात त्याच गिऱ्हाइकासाठी नवा कारखाना उभारायच्या तयारीत होते.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं आणि इंग्रजीत टाइप केलेले कागद दिले. 'मी स्वखुशीनं काम सोडत आहे.' सगळ्या ओमानी बायकांच्या सह्या घ्यायच्या. मी विचारलं, कशासाठी? "फॉर्मॅलिटी," ते म्हणाले. मी निमूट कागद उचलले. मला ते करायला नको होतं, आणि मी ते केलं. सुरुवात मागच्या खोलीपासून केली कारण तिथल्या बाया माझ्या ओळखीच्या होत्या.

मोझानं कागद उलटसुलट पाहिला. "मदाम, यात काय लिहिलंय?"

"काही नाही गं. रीत आहे," मी म्हणाले.

तिनं अरबीत सही केली. दुसरी बाई पेन उचलतेय तोच मास्टर दारात उभे.

"बाई, काय चाललंय?"

त्यांनी माझ्या हातातला बिनसहीचा कागद ओढला, जुळवून जुळवून वाचला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मोझाचा कागद मी फायलीखाली कधी सरकवला ते मलाच कळलं नाही.

"खुशीनं? कोणाची खुशी? याच्यावर सही केली तर उद्या सरकार विचारील, तुमीच सोडलांत ना, मग मदत कसली?" त्यांनी सहाजणींकडे वळून मोडक्या अरबीत बजावलं, कोणी सही करायची नाही, मग माझ्याकडे पाहिलं. "कोणी केली नाय ना?"

मोझाला आमचं मराठी कळत नव्हतं, आणि तिचा कागद मी बाजूला केला म्हणजे तो रद्दच झाला असं तिला वाटलं असावं. मी म्हणाले, "नाही."

एवढा एक शब्द. त्यांची नजर चुकवायची होती, दुसरं काही नाही. संध्याकाळी तो कागद फाडून टाकीन असा विचार होता. पण ऑफिसात परतले तर जीएम टेबलापाशीच उभे. "एकच?" म्हणाले, आणि तो कागद त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. हॉलमधल्या बायकांना मास्टरांनी तोवर सावध केलं होतं, त्यांच्यातल्या कोणीच सही केली नाही.

मास्टर म्हणाले ते अगदी खरं होतं. परदेशी व्यापार बुडाल्यामुळे ज्यांचं काम गेलं त्या ओमानी कामगारांसाठी मदत सुरू झाली होती: काही महिने घर चालेल एवढा आधार आणि नव्या कामाचं शिक्षण. आम्ही परदेशी तिच्यात नव्हतोच, तशी अपेक्षाही नव्हती. अटी दोन. एक, काम निर्यातीच्या मालावरचं असलं पाहिजे. दोन, कंपनीनं काढलेलं असलं पाहिजे, आपण होऊन सोडलेलं नव्हे. पहिली यादी लागली तेव्हा हॉलमधल्या सगळ्या बायकांची नावं तिच्यात होती आणि मागच्या खोलीतल्या एकीचंही नव्हतं. सहाजणींपुढे कारण एकच, 'लोकल'.

मी हे मास्टरांना सांगितलं तेव्हा ते रिकाम्या कटिंग टेबलावर पंजे टेकून उभे होते.

"माझ्या हातचं अक्षर," ते म्हणाले. "मी त्यांना सावलीत बसवायला गेलो आणि उन्हात काढलं."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"चांगल्याचं लोणचं घालूं काय, बाई?"

आणि ते तडक कपाटाकडे गेले. अकरा वह्यांतल्या शेवटच्या तीन काढल्या. चिंध्या एक्स्पोर्टच्या, थप्पीचे नंबर एक्स्पोर्टचे, आणि शेजारच्या तिकिटांवर नंबर त्या सहाजणींचे. यापेक्षा चोख पुरावा कुठल्या वकिलाला सापडला नसता. हरकत घ्यायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी जीएमनी त्यांना बोलावलं. मी फायली बांधत आतच होते, मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही.

"मास्टर, त्या वह्या कंपनीच्या आहेत."

"वही माझी, खळ माझी. चिंधी तेवढी कंपनीची. ती हवी तर खरवडून देतंय."

"गिऱ्हाइकाला कळलं की माल मागच्या खोलीत शिवला, तर माझा नवा कारखाना सुरू व्हायच्या आधी बंद. सलालाहचं काम ठरलंय ना तुमचं?"

ठरलं होतं. ओमानच्या दक्षिणेतल्या त्या शहरात एका गणवेश शिवणाऱ्या शेठला मास्टर हवे होते. पावसाळ्यात तिथे आपल्या गावासारखी हवा असते, नारळ असतात, हे ते मला आठवड्यातून दोनदा ऐकवत. चौपन्नाव्या वर्षी नवा व्हिसा पुन्हा कोण देणार? आणि जुन्या कंपनीनं 'रिलीज' म्हणून पत्र दिल्याशिवाय त्या काळी दुसरीकडे काम धरता येत नसे. ते पत्र जीएमच्या सहीचं.

"वह्या कपाटात राहिल्या तर रिलीज उद्या," जीएम म्हणाले. "नाहीतर तिकीट घरचं."

मास्टरांनी एकदा दाढीवरून हात फिरवला. "साहेब, सहा घरं हायत," म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांना बसायची सवय नव्हतीच.

कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेले, इंग्रजीत लिहून द्यायला कोणीतरी हवं होतं म्हणून. अधिकारी तरुण ओमानी होता, बोलायला मऊ. त्यानं मास्टरांना 'बसा' म्हटलं, पुन्हा म्हटलं, तेव्हा ते खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकले. त्यानं वह्यांचं पान न् पान पाहिलं. चिंध्यांवरून बोट फिरवलं, तिकिटांवरचे नंबर आमच्या यादीशी ताडून पाहिले.

"हा माल त्या खोलीत कोणी पाठवला?"

"मी," मास्टर म्हणाले.

"कोणाच्या हुकमानं?"

जीएमचं नाव घ्यायला एवढी जागा मिळाली होती. पण हुकूम झाला नव्हता. डोळ्यावर कातडं ओढणं म्हणजे हुकूम नव्हे. मास्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, "मीच. आणि रजिस्टरात लोकल लिहिलं तेही मीच. ह्या बायांचा गुन्हा काय नाय." मी ते लिहिलं आणि त्यांनी खाली सही केली.

अधिकाऱ्यानं कागद लावून ठेवले आणि सहज विचारलं, "यांच्यापैकी कोणी राजीनामा दिलाय?"

"कोणीच नाय," मास्टर छाती पुढे काढून म्हणाले. "मी सोता उभा होतो. बाईंना विचारा. त्या खोटं सांगणाऱ्या नायत."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला किती वेळ लागला असता? कागद इंग्रजीत होता, तिला वाचता येत नव्हता, मीच तिला 'रीत आहे' म्हणाले होते. तीन वाक्यं. मास्टर माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होते की मला ते वाक्य जुळेना. जीएम तो कागद कशाला पाठवतील, कारखाना तर बंदच झालाय, असं मी मनाला समजावलं आणि मान डोलावली.

वह्यांची बातमी जीएमना त्याच दुपारी लागली. मास्टरांचा रिलीज गेला, व्हिसा रद्द करायला पाठवला गेला. आठ दिवसांत निघायचं होतं. ते कटिंगच्या हॉलमध्ये येत राहिले. काम नव्हतं, तरी टेबल पुसत, सुरे तेल लावून गुंडाळून ठेवत. सलालाहचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला रोज एकच विचारत, "लागली काय यादी?" आणि मी रोज ठरवत असे की आज सांगायचं. एकदा तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुमी होतात म्हणून ता इंग्रजीत नीट लिहिलं गेलं," आणि मी गप्प बसले. माझा मला इतका राग क्वचितच आला असेल.

नवी यादी ते जाणार त्याच दिवशी सकाळी लागली. नावं पाच होती.

मी आत धावले. त्याच अधिकाऱ्यानं फाइल उघडून मोझाचा कागद माझ्यासमोर धरला. कंपनीनं पाठवला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, मदाम. तेव्हा सांगितलं असतंत तर तुमचा जबाब घेतला असता. आता यादी वर गेली, खलास." आणि मग जरा थांबून म्हणाला, "त्या म्हाताऱ्या माणसाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

तिथून टॅक्सी करून मी सीबच्या विमानतळावर गेले. दुपारचं विमान होतं. कंपनीच्या माणसानं पासपोर्ट दारात हाती देऊन मास्टरांना आत धाडलं होतं आणि मला आत सोडेनात. काचेतून रांग दिसत होती. मेंदीच्या दाढीमुळे ते लगेच सापडले. दोरीनं बांधलेली एक पेटी ढकलत ते पुढे सरकत होते. मी काचेवर अंगठीनं टकटक केलं. दोन-चार अनोळखी माणसं वळली, मग ते वळले.

त्यांनी मला ओळखलं आणि हात उलटा करून विचारलं, काय झालं?

मी उजव्या हाताची पाच बोटं वर केली.

ते बघत राहिले. त्यांच्यामागचा माणूस पुढे सरका म्हणत होता, ते सरकले नाहीत. भुवया वर गेल्या होत्या. त्यांना वाटत होतं माझं सांगून झालेलं नाही. दुसऱ्या हाताची ते वाट बघत होते. त्यांचा रिलीज गेला होता, काम गेलं होतं, त्या पेटीतून ते काय घेऊन चालले होते मला ठाऊक नाही. मी डाव्या हाताचा अंगठा वर केला.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मला त्यांची दया आली. ते खोटं आहे. सहावी कोण, ते त्यांनी विचारलं असतं, आणि का, तेही विचारलं असतं, म्हणून मी अंगठा वर केला. बरक्याला जाऊन मोझाला मी चार दिवसांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि दार लावून घेतलं. ते मी समजू शकते.

पण त्या दुपारी काचेपलीकडे अब्बास मास्टरांनी ओठांनी विचारलं, "सहा?" मी मान डोलावली. त्यांनी छातीवर पंजा ठेवला आणि हसले, तोंड भरून, मागच्या पडलेल्या दाताची खिंड दिसेपर्यंत. नऊ वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग मागच्या माणसानं त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि ते हसतच पेटी ढकलत पुढे गेले.